रक्ताभिसरणाची शिशी आणि सर्पगंधेची मुळी



आमचा विषय चालकांना कळविला तेव्हा त्यांनी तो पुन्हा एकदा विचारून घेतला. कामगार संघटनेच्या माणसाने महागाईवर बोलावे, बोनसवर बोलावे, फार तर माथाडी कायद्यावर बोलावे. त्याने वनौषधींवर बोलण्याचे कारण काय, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. आम्ही वैद्य नाही आणि डॉक्टरही नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात, तारखेची वाट पाहता पाहता. करारांचे आणि कायद्यांचे कागद वाचून बारीक टाइप वाचण्याची सवय मात्र जडली. आजचे व्याख्यान हे त्या सवयीचेच फळ आहे.

झाले असे की, गेल्या काही वर्षांत मलकापूरच्या बाजार समितीच्या आवारात आणि जिनिंगमध्ये काम करणाऱ्या आमच्या माणसांच्या पिशवीत भाकरीच्या फडक्याशेजारी एक शिशी दिसू लागली. कोणाकडे कॅप्सूलची, कोणाकडे काढ्याची. नावे निरनिराळी, पण वरचे वाक्य एकच: ‘रक्ताभिसरण सुधारते.’ हातापायांना मुंग्या येतात, पोटऱ्या दुखतात, डोके जड होते, चढण चढताना दम लागतो, या सगळ्यांवर ही एकच शिशी. किंमत साधारण हमालाच्या दोन दिवसांच्या मजुरीइतकी, आणि महिन्याला दोन लागतात. पुढे एक विक्रेते संघटनेच्या कार्यालयातही आले. आमच्या सभासदांत शिशी खपविल्यास संघटनेला शिशीमागे कमिशन देऊ म्हणाले. आम्ही त्यांना चहा पाजला, कमिशन नाकारले आणि एक शिशी रोख पैसे देऊन ठेवून घेतली. ती आम्ही एखादा करार वाचावा तशी वाचली.

पहिली गोष्ट लक्षात आली ती शब्दाची. आपल्या देशात १९५४ सालचा एक कायदा आहे, औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा. त्याच्या परिशिष्टात चोपन्न आजार नोंदले आहेत. हे आजार आमच्या औषधाने बरे होतात अथवा टळतात, अशी जाहिरात करता येत नाही. त्या यादीत हृदयाचे आजार आहेत, रक्तदाब वाढणे व घटणे दोन्ही आहेत, रक्तवाहिन्या कठीण होणे आहे, पक्षाघात आहे, पायांवरच्या शिरा फुगणेही आहे. ‘रक्ताभिसरण’ हा शब्द मात्र यादीत नाही, कारण रक्ताभिसरण हा आजारच नव्हे. ते जिवंत माणसात चालू असते आणि मेलेल्यात बंद पडते. जाहिरात लिहिणाऱ्याने हा शब्द कायद्याची यादी पाहून निवडला की सहज त्याच्या लेखणीत आला, हे आम्ही सांगू शकत नाही. पण सोयीचा शब्द आहे खरा. ऐकणाऱ्याला त्यात रक्तदाबही ऐकू येतो आणि लकवाही, आणि लिहिणाऱ्याने मात्र दोहोंपैकी एकाचेही नाव घेतलेले नसते.

दुसरी गोष्ट शिशीच्या पाठीमागे सापडली. पुष्कळ शिश्या औषध म्हणून विकल्याच जात नाहीत. त्या अन्नाच्या कायद्याखाली पूरक आहार म्हणून विकल्या जातात. अशा पूरक आहारासाठी २०१६ सालचे नियम आहेत, आणि त्या नियमांप्रमाणे वेष्टनावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना छापावी लागते. आमच्या शिशीवर ती होती. ‘रक्ताभिसरण’ बोटभर उंचीच्या अक्षरात आणि ही सूचना मुंगीच्या पावलांइतकी. शिवाय इंग्रजीत. ज्याच्यासाठी ती छापली त्याला वाचता येऊ नये, इतकी खबरदारी घेतलेली.

आता रक्ताभिसरण म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. इंग्लंडातील विल्यम हार्वे या वैद्याने १६२८ साली ग्रंथ लिहून रक्त शरीरात वर्तुळाने फिरते हे सिद्ध केले. त्याची युक्ती साधी होती. त्याने हिशेब केला. हृदयाच्या एका ठोक्याला किती रक्त बाहेर पडते, अर्ध्या तासात ठोके किती पडतात, याचा गुणाकार मांडला तेव्हा आकडा इतका मोठा आला की, तेवढे रक्त अंगात असणे शक्यच नाही. म्हणजे तेच रक्त पुन्हा पुन्हा येत असले पाहिजे. विसाव्याला बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलते. पायातले रक्त वर चढविण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते शिरा पिळतात आणि शिरांतील झडपा रक्ताला खाली उतरू देत नाहीत. जो माणूस तासन्‌तास एका जागी उभा राहतो किंवा डोक्यावर ओझे घेऊन ताठ होतो, त्याच्या झडपांवर ताण येतो आणि शिरा दोरखंडासारख्या फुगतात. आमच्या जुन्या हमालांचे पाय पाहा म्हणजे पुस्तक उघडावे लागणार नाही.

तेव्हा ‘रक्ताभिसरण बिघडले’ असे म्हणणाऱ्या माणसाला प्रत्यक्षात तीन निरनिराळ्या गोष्टींपैकी एक झालेली असू शकते. त्याचा रक्तदाब वाढला असेल. त्याच्या पायाच्या शिरा फुगल्या असतील. किंवा पायाला रक्त नेणाऱ्या धमन्या अरुंद झाल्या असतील आणि शंभर पावले चालल्यावर पोटरीत पेटका येऊन थांबावे लागत असेल. शेवटचा प्रकार बिडी ओढणाऱ्यांत आणि तंबाखूवाल्यांत फार. लिओ बर्जर नावाच्या डॉक्टरने १९०८ साली वर्णन केलेला एक रोग असा आहे की, तरुण माणसाच्या पायाची बोटे काळी पडतात आणि कापावी लागतात, आणि तो थोपविण्याचा खात्रीचा उपाय एकच आहे, तंबाखू पूर्णपणे सोडणे. बिडी ओढत ओढत रक्ताभिसरणाची कॅप्सूल गिळणारे गृहस्थ आमच्या पाहण्यात आहेत. मंडळी हसली, पण ते गृहस्थ येथे आले असतील तर त्यांनी रागावू नये.

वनस्पतीत काही गुण नसतो, असे सांगायला आम्ही उभे राहिलो नाही. उलट वनस्पतीत किती मोठा गुण असू शकतो, आणि तो सिद्ध करायला काय करावे लागते, याची महाराष्ट्रात घडलेली कथा आपण विसरलो आहोत. ती सर्पगंधेची कथा आहे.

सर्पगंधा हे एक लहान झुडूप. त्याची मुळी साप चावल्यावर, झोप येत नसल्यास आणि वेड लागलेल्याला शांत करण्यासाठी आपल्याकडे शतकानुशतके दिली जात होती. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले की, या मुळीने वेड शमते आणि रक्ताचा दाबही उतरतो. त्याच साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळीतून काही अल्कलॉइडे वेगळी काढली आणि एकाला हकीम अजमल खानांच्या स्मरणार्थ ‘अजमलिन’ असे नाव दिले. इतके होऊनही बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता नव्हता. त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर धड औषधच नव्हते. गांधीजींचा दाब १९४० साली २२० वर ११० इतका नोंदलेला आहे. देशाचा एवढा मोठा माणूस, पण त्याला विश्रांती घ्या, मीठ कमी करा, मौन पाळा, यापलीकडे सांगण्यासारखे फारसे काही नव्हते.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी ही मुळी हाती घेतली. वकील १९११ साली जन्मलेले, विलायतेत शिकून आलेले हृदयरोगतज्ज्ञ. देशी मुळी म्हणून त्यांनी तिला हसण्यावारी नेले नाही, आणि देशी मुळी म्हणून तिची आरतीही केली नाही. त्यांनी रोगी निवडले, त्यांचे दाब मोजले, मुळीच्या गोळ्या ठरावीक मात्रेत दिल्या, पुन्हा पुन्हा दाब मोजले, आणि आठवड्यांच्या हिशेबाने किती उतार पडला, कोणाला पडला नाही, कोणाला काय त्रास झाला, ते लिहून ठेवले. अशा पन्नास रोग्यांची हकीकत त्यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापली. बहुसंख्य रोग्यांचा दाब उतरला होता. तो लेख वाचून बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी मुळी मागवून आपल्या रोग्यांवर पाहिली. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतील मुख्य द्रव्य वेगळे काढले. त्याचे नाव रेसर्पिन. १९५६ साली हार्वर्डच्या वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, १९५८ साली भारत सरकारने पद्मभूषण दिले. १९७४ साली ते वारले. आमच्या वाचनालयातील चरित्रांच्या कपाटात आम्हांला त्यांच्यावरचे पुस्तक मिळाले नाही. चालकांनी याची नोंद घ्यावी.

पण कथा पुरस्कारावर संपत नाही, आणि विक्रेते सांगतात ती एवढीच. पुढचा भाग आमच्या कामाचा आहे. ज्या मुळीने दाब उतरतो ती अंगाला काही करते, आणि जी अंगाला काही करते ती नको तेही करू शकते. रेसर्पिन घेणाऱ्यांची नाके चोंदू लागली, सुस्ती येऊ लागली, नाडी मंद होऊ लागली, पोटात आम्ल वाढून व्रण चिघळू लागले. काही जणांचे मन इतके खचले की त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. मोठ्या मात्रेत हा धोका अधिक, म्हणून मात्रा कमी करीत करीत ती मिलिग्रॅमच्या चौथ्या भागापर्यंत आणि त्याखालीही आली. मिलिग्रॅमचा चौथा भाग किती ते डोळ्यांना दिसणार नाही. मुळीची पूड घेतली तर त्यात हे द्रव्य कधी जास्त, कधी कमी. मुळी कुठल्या जमिनीतली, कोणत्या हंगामात खणलेली, यावर ते अवलंबून. म्हणून ‘नैसर्गिक आहे, चिमूटभर जास्त झाली तरी अपाय नाही’ हे वाक्य ज्या मुळीच्या बाबतीत सर्वांत खोटे, तीच आपली सर्वांत गुणी मुळी.

याच रेसर्पिनने आणखी एक फार मोठे काम केले. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत डॉ. एडवर्ड फ्राइस यांनी एक प्रयोग केला, त्याचा निकाल १९६७ साली छापून आला. ज्यांचा खालचा दाब ११५ ते १२९ होता असे १४३ पुरुष घेतले. ७३ जणांना रेसर्पिनसह तीन औषधे दिली, ७० जणांना तशाच दिसणाऱ्या पण गुण नसलेल्या गोळ्या दिल्या. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत २७ जणांना गंभीर उपद्रव झाले. औषध घेणाऱ्यांत दोघांना. दाब उतरविला तर माणसे वाचतात, हे त्या दिवशी आकड्यांनी ठरले. आज रेसर्पिन फारसे कोणी देत नाही, त्याहून सौम्य आणि सोयीची औषधे निघाली. रानातील मुळी इतकी उपटली गेली की १९९० साली सर्पगंधेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले.

आता ही फूटपट्टी घेऊन आमच्या शिशीकडे वळू. तिच्यात सर्पगंधा नव्हती. होती ती लसूण, अर्जुनसादड्याची साल, गिंको नावाच्या चिनी झाडाची पाने, ज्येष्ठमध आणि आणखी सात-आठ नावे. कोणाचे प्रमाण किती ते लिहिले नव्हते. सगळ्यांचे मिळून एकच वजन.

लसणाने दाब थोडा उतरतो, असे अनेक लहान प्रयोगांत दिसले आहे. थोडा, म्हणजे औषधाची जागा घेईल इतका नव्हे. अर्जुनसादड्याचा हृदयरोगातील उपयोग आपल्या जुन्या वैद्यकात सांगितलेला आहे आणि अलीकडच्या लहान प्रयोगांत आशादायक गोष्टीही आढळल्या आहेत. पण वकिलांनी सर्पगंधेसाठी जे केले आणि पुढे फ्राइस यांनी जे केले, ते अर्जुनासाठी अजून कोणी मोठ्या प्रमाणावर केलेले नाही. आपल्या नदीनाल्यांच्या काठचे झाड, आपल्या देशात एवढी वैद्यकीय महाविद्यालये, आणि हे काम पडून राहावे याचे आम्हांला वाईट वाटते. गिंकोवर मात्र मोठा प्रयोग झाला. अमेरिकेत ३०६९ वृद्धांवर वर्षानुवर्षे पाहिले. २००८ साली निकाल आला की त्याने स्मृतिभ्रंश टळत नाही, आणि पुढच्या तपासणीत हृदयविकाराने होणारे मृत्यूही घटलेले दिसले नाहीत. ज्येष्ठमधाचे तर उलटच आहे. खोकल्याला चघळायला उत्तम, पण रोज आणि जास्त घेतले तर ते अंगात मीठ-पाणी धरून ठेवते, पोटॅशियम घटविते आणि रक्तदाब वाढविते. म्हणजे रक्तदाबाच्या माणसाने भरवशाने घ्यावयाच्या शिशीत दाब वाढविणारे द्रव्य, आणि किती ते ठाऊक नाही.

ज्यांना हृदयाच्या झटक्यानंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी लसणाच्या कॅप्सूल अथवा गिंको डॉक्टरांना न विचारता घेऊ नये; रक्तस्राव होण्याचा धोका वाढू शकतो. शस्त्रक्रिया ठरली असेल तर हे आधी सांगावे. भाजीतल्या लसणाबद्दल आम्ही बोलत नाही. ठेचा खुशाल खावा, मीठ मात्र बेताने.

धातूंचाही प्रश्न आहे. २००४ साली बोस्टनमधील दुकानांतून दक्षिण आशियात तयार झालेली सत्तर आयुर्वेदिक उत्पादने तपासली, तेव्हा चौदांमध्ये शिसे, पारा किंवा सोमल आढळले. यावरून सगळी आयुर्वेदिक औषधे वाईट ठरत नाहीत. सत्तरातील छप्पन्नांत ते आढळले नाही, हेही तितकेच खरे. पण हातातली शिशी चौदांतली की छप्पन्नांतली, हे बाहेरून कळत नाही. शिसे अंगात साठले तर दाबही वाढतो.

यात आमचे काय जाते? आमची माणसे जातात. बाजारातील आमचे एक सभासद, वय अठ्ठेचाळीस, सरकारी दवाखान्यातून दाबाची गोळी फुकट घेत होते. एक दिवस म्हणाले, “भाऊ, गोळी जन्मभर घ्या लागते म्हणे, अन्‌ हे शिशी तीन महिन्यांत मुळापासून काढते. गोळी सोडली म्या. अंग हलकं लागते.” वाढलेला रक्तदाब दुखत नाही, हीच त्याची लबाडी आहे, गोळी सोडल्यावर हलके वाटणे अगदी शक्य आहे. आम्ही त्यांना समजावले, त्यांच्या पत्नींना समजावले. पण ‘गोळीने किडनी खराब होते’ असे कोणी तरी त्यांच्या मनात पक्के भरविले होते. वास्तविक मूत्रपिंड खराब करतो तो न उतरविलेला दाब. चौथ्या महिन्यात पोते उचलताना त्यांची उजवी बाजू लुळी पडली. आज त्यांना बोलता येते, पण शब्द अडखळतात. पोते उचलणे संपले. शिशीमुळे लकवा आला असे आम्ही म्हणत नाही. शिशी बहुधा निरुपद्रवीच असेल. तिच्यावरच्या विश्वासापायी गोळी सुटली. निरुपद्रवी वस्तूने होणारा हा उपद्रव कोणत्याच लेबलावर छापलेला नसतो.

आणि आमच्या माणसांना मूर्ख म्हणू नका. दवाखान्यात अर्धा दिवस जातो, म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी जाते. डॉक्टर दोन मिनिटे बोलतात. शिशीवाला घरी येतो, खाटेवर बसतो, पाय हातात घेऊन पाहतो, मुलाबाळांची चौकशी करतो. तो अर्धा तास ऐकून घेतो, आणि आमच्या मते लोक पैसे मोजतात ते त्या अर्ध्या तासाचे. सरकारने हे ओळखले तेथे फरक पडतो. २०१७ च्या अखेरीस देशात रक्तदाब नियंत्रणाचा एक कार्यक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातील वर्धा, भंडारा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे पहिल्या खेपेला होते. दाब मोजायचा, ठरलेली साधी औषधे फुकट द्यायची, आणि जो महिन्याला परत येणार नाही त्याचा शोध घ्यायचा. यात नवे रसायन नाही. शोध घ्यायचा, हेच त्यातले विशेष.

पुण्याच्या हमाल पंचायतीचे बाबा आढाव मुळात आयुर्वेदाचे डॉक्टर. हमालांच्या पाठी आणि मानी तपासता तपासता त्यांनी संघटना बांधली, कारण शंभर किलोच्या पोत्यावर काढा चालत नाही. पोते पन्नास किलोवर आणा, ही मागणी हमाल संघटनांनी लावून धरली, ती रक्ताभिसरणाचीच मागणी होती असे आम्ही समजतो. आपल्या जिनिंगमध्ये कापसाची गासडी एकशे सत्तर किलोची असते. ती हलवायला ढकलगाडी द्या, उभे राहून काम करणाऱ्याला दर दोन तासांनी दहा मिनिटे बसू द्या, फुगलेल्या शिरांसाठी लवचिक पट्ट्या द्या, असे आम्ही मालकांना लिहून दिले आहे. मालकांचे उत्तर यायचे आहे.

शेवटी एक सूचना. संघटनेने वर्गणीतून दाब मोजण्याचे यंत्र घेतले आहे. दर रविवारी सकाळी आठ ते दहा ते कार्यालयात टेबलावर असते. एक निवृत्त परिचारिका ताई मोजतात आणि वहीत आकडा लिहितात. सभासद असण्याची अट नाही. आकडा १४० वर ९० किंवा त्याहून जास्त आला तर पुन्हा बोलावून मोजतात आणि चिठ्ठी देऊन सरकारी दवाखान्यात पाठवितात. तेथे जाऊन आला की नाही ते पुढच्या रविवारी विचारतात. चालू गोळी कोणी आपल्या मनाने सोडू नये. घरात शिशी असेल तर येताना ती बरोबर आणावी. पाठीमागचे बारीक अक्षर आम्ही वाचून दाखवू.